बिलामागे आठ आणे

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचं ते प्रकरण आपण विसरलो, असं मला अधूनमधून वाटतं. मग घरात कुठलं तरी बिल येतं आणि लक्षात येतं, काही विसरलेलो नाही.

परवा मिक्सर आणला. बिलावर जीएसटी लावलेला. नातीनं मोबाइलवर कसलं तरी पान उघडलं, किंमत टाकली, टक्के टाकले, बोट टेकवलं. "बरोबर आहे आबाजी," ती म्हणाली. मी विचारलं, "आणि तो मोबाइल बरोबर आहे, हे कोणी तपासलं?" तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी पूर्वी माझा नवीन हुकूम ऐकून शिपाई टाकायचे. नजरेचा अर्थ तेव्हाही कळत होता, आताही कळला. म्हणून ही हकीकत लिहायला घेतली. नावं कुणाचीच देत नाही. माझंही देणार नव्हतो, पण संपादक म्हणाले की लेखावर ते छापावंच लागेल.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी इतवारीच्या हद्दीतल्या ठाण्यात फौजदार. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरला आलं ते कारकुनी करायला. पिढ्यान्‌पिढ्या घरात लेखणीच होती. कमरेला शस्त्र लावणारा मी पहिला, त्यामुळे त्या रिव्हॉल्व्हरचं मला नको इतकं अप्रूप. दुसरी गोष्ट अशी, की मला एक खोड होती. जिथं गप्प बसावं तिथं मला विनोद सुचायचा. लोक हसायचे. फौजदाराच्या विनोदाला लोक हसतातच, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दसरा होऊन आठवडा उलटला होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात कुहीकडचे एक गुरुजी आले. धोतर, कोट, काखेत छत्री. भाचीच्या लग्नाची भांडी त्यांनी इतवारीतल्या एका दुकानातून खेपेखेपेनं नेली होती. दसऱ्यानंतरची तीन बिलं त्यांनी माझ्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली.

"साहेब, मी पोराइले शेकडेवारी शिकवतो," ते म्हणाले. "चाळीस रुपयाच्या मालावर शेकडा पाच विक्रीकर, म्हणजे किती?"

मी एकदम उभा राहण्याच्या बेतात होतो, इतका तो सूर वर्गातला होता. दोन रुपये, मी म्हणालो.

"यांनी अडीच लावले. या दुसऱ्या बिलातही आठ आणे जास्त. मोठ्या बिलातही आठ आणेच. दसऱ्याआधीची बिलं बरोबर होती."

कराचे खरे दर तेव्हा काय होते ते आता आठवत नाही. पितळेच्या भांड्यांवर पाच आणि लोखंडी तवे-कढयांवर तीन, असं सोयीसाठी धरून चालू. फरक मात्र पक्का आठवतो.

माझा चेहरा पाहून गुरुजी म्हणाले की आठ आण्यांसाठी ते ठाण्यात आलेले नाहीत. दुकानात कर मशीनवर काढत; तिची चूक त्यांनी दाखवली, तेव्हा रांगेतली माणसं त्यांच्यावरच उलटली होती. एक जण म्हणाला, "मशीन खोटी आन्‌ गुरुजी खरे काय?" सगळे हसले. गावातलं एक ओळखीचं कुटुंब त्या रांगेत होतं. गुरुजींना ते लागलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्या दुकानात कुणीतरी म्हणावं, हिशेब गुरुजींचा बरोबर होता.

मी अर्ज घेतला. खरं सांगायचं तर ठेवून दिला. दुपारी सहज म्हणून ठाण्यातल्या शिपायांना विचारलं की त्या दुकानातून दसऱ्यानंतर कोणी काही आणलं का. दोघांनी आणलं होतं. संध्याकाळी त्यांनी घरून बिलं आणली. पाणी भरायच्या पितळी गुंडाच्या बिलात आठ आणे जास्त. तव्याच्या बिलात तीस पैसे जास्त. इतवारीत सणाच्या तोंडावर दिवसाला किती बिलं फाटतात याचा अंदाज केला आणि माझी झोप उडाली. आठ आण्यांची तक्रार नव्हती ती. आख्ख्या बाजाराच्या डोळ्यांदेखत चाललेली फसवणूक होती. मी मनातल्या मनात त्या प्रकरणाचं बक्षीसही घेऊन टाकलं.

ते दुकान तेव्हा प्रसिद्ध होतं ते त्याच्या मशीनमुळे. शेठनं मुंबईच्या जुन्या बाजारातून आकडेमोडीचं एक विलायती यंत्र आणलं होतं. काळंभोर, टाइपरायटरएवढं, बाजूला फिरवायची मूठ. मालाची किंमत खिट्ट्यांवर लावायची. कराचा दर जितका, तितक्या वेळा मूठ फिरवायची. पाच टक्क्यांना पाच फेरे, तीन टक्क्यांना तीन. खालच्या खिडकीत जो आकडा येई त्यातले शेवटचे दोन पैसे, बाकीचे रुपये. कर निघाला. मशीन येण्याआधी त्या दुकानात करावरून रोज तंटा व्हायचा. मुनीम पाटीवर हिशेब करायचा आणि गिऱ्हाईक बोटांवर. मशीन आल्यावर सगळे गप्प झाले. मूठ फिरताना खर्र खर्र असा आवाज यायचा, तो ऐकायला लोक थांबायचे. त्या आवाजापुढे कोणाचं काय चालणार?

शेठ मला पाहून गादीवरून उठले. बिलं पाहिली, दोन वेळा पाहिली, आणि एकदम मागच्या बाजूला बोट दाखवलं. म्हणाले, "साहब, मशीनले मी हात लावत नाही. मले ते समजतच नाही. ते याच्याच हाती राहते."

मागे मशीनपाशी त्यांचा बिल-कारकून बसला होता. तिशीचा, सडपातळ, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. घर उमरेडचं, विणकराचं. वडील गेल्यावर घरचा माग बंद पडला, हा मॅट्रिक होऊन नागपुरात आला आणि कोष्टी वस्तीत खोली करून राहत होता. हे मला त्याला न विचारताच ठाऊक होतं, आणि इथं या गोष्टीतली खरी गाठ आहे. त्याचं नाव माझ्या टेबलावर आधीच पडून होतं. त्याची सरकारी कचेरीत कारकून म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्या ठाण्यात आला होता. शेरा मी लिहायचा होता. 'हरकत नाही' लिहिलं की घरातली पहिली सरकारी नोकरी. 'चौकशी चालू आहे' एवढं लिहिलं, तरी नोकरी दुसऱ्याला. वय सरत आलेलं, पुन्हा संधी नाही.

त्यालाही ते ठाऊक होतं. मी दुकानात शिरलो तेव्हा त्याचा हात मुठीवरच होता. तो त्यानं काढलाच नाही.

बातमी दुसऱ्या दिवशी मिळाली. दुकानासमोर चहाची टपरी चालवणारा आमच्या उपयोगाचा माणूस होता. त्यानं सांगितलं, "नवमीच्या सकाळी दुकान उघडलंच नव्हतं, साहेब. दोन फळ्या बाजूले करून तो आत बसला होता. मशीन उलटी करून ठेवली होती आन्‌ हाती पेचकस. मले पाहून त्यानं फळी ओढून घेतली."

झालं. आणखी काय पाहिजे? नवमीला स्क्रूड्रायव्हरनं मशीन उघडली, दसऱ्यापासून बिलं चुकू लागली. मी त्याला चौकशीला बोलावलं.

ती चौकशी मी माझ्या परीनं फार झकास केली. खिडकीकडे पाठ करून बसलो, म्हणजे माझा चेहरा अंधारात आणि त्याचा उजेडात. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. फक्त त्या दिवशी वीज गेली होती आणि खिडकीतून ऊन थेट माझ्या मानेवर. घाम पुसत पुसत मी विचारत होतो आणि तो कोरडा ठणठणीत बसला होता. बाहेरून कोणी पाहिलं असतं, तर आरोपी कोण याचा घोळ झाला असता.

मशीन उघडली होती का? तो म्हणाला, "हो." मी चमकलो. इतक्या लवकर कबुली अपेक्षित नव्हती. पेचकस कुणाचा? "माझाच." शेठला सांगितलं होतं? "नाही. त्याइनं मशीन उघडाले मना केली आहे." मग काहून उघडली?

इथं तो गप्प झाला.

मी पुन्हा विचारलं. रागावून विचारलं, समजावून विचारलं, पडताळणीचा कागद त्याच्यासमोर धरून विचारलं. त्यानं मान खाली घातली ती घातली. शेवटी माझी खोड उसळली. दारात उभ्या शिपायाकडे पाहून मी म्हणालो, "नवमीचा दिवस, बंद दुकान, हाती पेचकस. काय गा, मशीनची पूजा करून राहिला होता का?"

शिपाई खो खो हसला. मीही हसलो. त्यानं एकदा वर पाहिलं. डोळ्यांत काहीतरी होतं, क्षणभर तो बोलणार असं वाटलं. पण आम्ही हसतच होतो. त्यानं पुन्हा मान खाली घातली.

मी डायरीत लिहिलं, 'समाधानकारक उत्तर देत नाही.' त्या काळी हे वाक्य माझं फार आवडतं होतं.

त्याच्या खोलीची झडती घेतली. पंच म्हणून शेजारचे दोघे. एक स्टोव्ह, एक ट्रंक, दोरीवर एक सदरा, कोनाड्यात जुना लाकडी धोटा. धोटा म्हणजे मागावर आडवा धावतो तो, ज्याच्या पोटात सुताची कांडी बसते. वडिलांचा असावा. बाहेरून पुसून लख्ख केलेला आणि आतल्या पोकळीत कुंकू माखलेलं. मी पंचनाम्यात इमानदारीनं लिहिलं, 'लाकडी धोटा, जुना, एक. आतून कुंकू लागलेले.' लिहिलं, सही घेतली आणि निघालो. डोळ्यांनी पाहिलं, हातानं लिहिलं, डोक्यात काही शिरलं नाही. पोलिसाच्या नोकरीत असं जितक्या वेळा होतं, तितकं कोणी आठवणींच्या पुस्तकात लिहीत नाही.

पैसा कुठंच नव्हता. परत येताना आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, यानं पैसा मारला तर ठेवला कुठं? खोलीत चहाची दुसरी बशी नाही." हवालदार ठाण्यात वीस वर्षं काढलेला, शस्त्रांची खोली त्याच्या ताब्यात, आणि माझ्याशी बोलताना नेहमी भिंतीकडे पाहणारा. मी म्हणालो, गावी पाठवला असेल. पण त्याचा प्रश्न मला डाचला. शेठच्या गल्ल्याचा हिशेब पाहिला. बिलांइतकीच रोकड रोज जमा होती, पैशाचाही फरक नाही. म्हणजे वरचे आठ आणे गल्ल्यातच जात होते. कारकुनाच्या खिशात नव्हे, शेठच्या तिजोरीत.

मग मी शेठवर उलटलो. त्यांना ठाण्यात बोलावून असा काही दम भरला, की ते पाणी पाणी झाले. त्यांनी मुलांच्या, गायीच्या, दुकानाच्या गादीच्या शपथा घेतल्या. आठ दिवसांत मी एकदा कारकुनाला गुन्हेगार ठरवला होता आणि एकदा शेठला. आता दोघे मिळून, असं ठरवायच्या बेतात होतो. तिसऱ्या कोणाचा विचारही मनात आला नाही, कारण तिसरं कोणी माणूसच नव्हतं.

मधल्या काळात पडताळणीचा कागद लवकर पाठवा म्हणून वरून विचारणा आली. मी शेरा लिहायला घेतला. 'चौकशी' हा शब्द लिहिला आणि दौतीत शाई संपली म्हणून थांबलो. शाई असती तर ही गोष्ट मी सांगितली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदमारी होती. वर्षाचा गोळीबाराचा सराव. आमचे वरिष्ठ साहेब स्वतः हजर, दुर्बीण घेऊन. माझी पाळी आली. मी ऐटीत उभा राहिलो, नेम धरला, चाप ओढला. चाप हलला नाही. पुन्हा ओढला. रिव्हॉल्व्हरचं गोल चाक जागचं सरकेना. साहेबांनी दुर्बीण खाली केली आणि म्हणाले, "फौजदार, दरोडेखोराला थांबायला सांगा. म्हणावं, आमचं अजून जमत नाही." सगळी रांग हसली. साहेबांच्या विनोदाला तर हसावंच लागतं.

हवालदारानं माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, चाक उघडलं, गोळ्या काढल्या आणि हळूच आपटलं. त्याच्या तळव्यावर एक अक्षत पडली. तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल झालेला.

याचं मूळ खंडेनवमीत होतं. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजन झालं. हवालदारानं पांढऱ्या चादरीवर बंदुका मांडल्या आणि दस्त्यांवर बोटभर कुंकू लावलं. मी नव्या उत्साहाचा. मी माझं रिव्हॉल्व्हर उघडून ठेवलं आणि चाकावर मूठभर अक्षता वाहिल्या. तेव्हा हवालदार भिंतीकडे पाहत म्हणाला होता, "साहेब, वरच्यावर वाहा. आत कशाले?" मी म्हणालो होतो, देव काय वरच्यावर राहतो? पूजेनंतर त्यानं सगळ्या बंदुका पुसून तेलवल्या. माझ्या हत्याराला मी कोणाला हात लावू दिला नाही.

तो लाल दाणा मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. साहेबांना वाटलं, त्यांचं बोलणं मला फार लागलं. ते मला धीर देऊ लागले. मला मात्र दिसत होता तो धोटा. आतून कुंकू लागलेला, एक.

चांदमारीवरून मी थेट इतवारीत गेलो. पंच म्हणून चहावाला आणि शेजारचा कापडवाला. गुरुजी उरलेल्या घागरी न्यायला त्याच दिवशी यायचे होते, तेही रांगेत होते. मी कारकुनाला म्हणालो, तुझा पेचकस आण आणि मशीन उघड. शेठ काही बोलणार होते, मी हात वर केला.

त्यानं मशीन उलटी केली. चार पेच काढले, झाकण उचललं. आत दातेरी चाकांची ओळ. मधल्या चाकाला हळद-कुंकवाची बोटं उमटलेली. आणि त्याच चाकाच्या एका दाताखाली तांदळाचा दाणा अडकलेला. जो दात आत जायला हवा तो त्या दाण्यामुळे बाहेरच राहिला होता. मूठ एकदा फिरली की चाक एक घर जास्त सरकायचं, म्हणजे दहा पैसे. पाच फेऱ्यांना पन्नास. तीन फेऱ्यांना तीस. चोर असता तर त्यानं तव्याच्या गिऱ्हाइकाला वीस पैशांची सूट कशाला दिली असती?

मी सुईनं दाणा काढायला लावला. मग चाळीस लावून पाच फेरे दिले. खिडकीत दोनशे आले. दोन रुपये. रांगेत कोणी हसलं नाही.

मी त्याला बाजूला नेऊन विचारलं. या वेळी मी बसलो नव्हतो, उभाही त्याच्याच शेजारी होतो.

"आमच्या घरी मागाले वरून कुंकू लावत नाही, साहेब," तो म्हणाला. "धोट्याच्या आत लावतो, कांडी बसते तिथं. माय म्हणते, जे काम करते त्याले लावा. वरचं लाकूड त नुसतं लाकूड आहे. माग थांबला. आता मी भाकर खातो ते या मशीनची. मग हिले वरून कसं लावू?"

"मग मला का नाही सांगितलं? मी विचारलं तर होतं."

"तुम्ही विचारलं होतं साहेब. खरंच तेच विचारलं होतं. पण हासून विचारलं. हासून विचारलेल्याले हो म्हटलं असतं, त तुम्ही आणखी हासले असते. मायले हासल्यासारखं झालं असतं."

मी पुष्कळ गुन्हेगारांची उत्तरं ऐकली आहेत. काही शिव्या होत्या, काही शाप होते. त्या उत्तराइतकं मला कोणतंच लागलं नाही, आणि गंमत म्हणजे त्या माणसाच्या आवाजात राग मुळीच नव्हता.

शेठ तोवर मशीनसमोर उभे होते. तांदळाचा तो दाणा त्यांनी कागदावर घेतला, आणि काय करावं ते न सुचून त्याला हात जोडले. मग माझ्या सांगण्यावरून त्यांनी रांगेसमोर गुरुजींना नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणाले, "हिशोब गुरुजीचा खरा होता. मशीन चुकली." गुरुजींनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. म्हणाले, "मशीनही नापास होते, पण तिले छडी नाही मारता येत." त्यांना गिऱ्हाइकांनी बसायला स्टूल दिलं.

शेठनं दुकानाबाहेर फळा लावला की दसऱ्यानंतरची बिलं आणावीत, जास्त घेतलेले पैसे परत मिळतील. दिवाळीपर्यंत त्या फळ्यासमोर इतकी गर्दी, की एक जण मशीन यायच्या आधीचं बिल घेऊन आला. शेठनं त्यालाही आठ आणे दिले. म्हणाले, मुनीमही चुकत होता, साहब.

ठाण्यात परतून मी पडताळणीचा कागद काढला. 'चौकशी' हा शब्द लिहिलेला होताच. तो खोडला तर कागदाला डाग लागणार, आणि अशा कागदावरचा डाग लोक वाचतात. मी नवीन नमुना मागवून घेतला, त्यावर 'हरकत नाही' लिहिलं आणि सही केली. त्या सहीत माझं वळण नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

लोक विचारतात, चौकशीत सगळ्यांत अवघड काय? गप्प बसणारा माणूस, असं मी नोकरीच्या सुरुवातीला सांगायचो. त्या प्रकरणानंतर सांगणं बदललं. माणूस गप्प बसला म्हणजे तो पापच लपवतो आहे, असं नसतं. कधी तो आपली सगळ्यांत चांगली गोष्ट लपवत असतो, कारण समोरच्याच्या हातात ती द्यायची त्याला भीती वाटते. खरा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. उत्तरही माझ्यासमोर बसलेलं होतं. फक्त प्रश्नाला हसू चिकटलं होतं. एक दाणा अडकला, की चांगलं यंत्रही प्रत्येक वेळी तेवढंच चुकतं, आणि त्याला ते कळत नाही. पुढं जबाब घेताना विनोद सुचला, तर मी तो मनात ठेवून घरी घेऊन जायचो. पत्नीला ऐकवायचो. ती हसायची नाही. तेव्हा कळलं, की माझे विनोद मुळात किती चांगले होते.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो कारकून ठाण्यात आला. सरकारी कारकुनासारखा सदरा, पण चालणं तेच. माझ्या रिव्हॉल्व्हरमधल्या अक्षतेची गोष्ट मी त्याला मशीन उघडली त्याच दिवशी सांगितली होती. पुडीतून त्यानं हातरुमालाएवढं कापड काढलं. बंद पडलेला माग त्यानं सुट्टीत घरी जाऊन सुरू केला होता, आणि हे मायनं त्यावर विणलं होतं. बारीक पोत, दोन्ही कडांना लाल काठ.

"मायनं सांगितलं, साहेबाले म्हण, हत्यार यात गुंडाळा आन्‌ कुंकू कापडावर लावा. देवाले पोचते."

"पण ती तर म्हणते, जे काम करते त्याला आतून लावावं."

"तिले विचारलं मी. म्हणे, ते धोट्यासाठी. बंदुकीनं काम करूच नये, म्हणून तिले वरूनच लावावं."

त्या कापडात माझं रिव्हॉल्व्हर दर नवमीला गुंडाळलं गेलं. निवृत्तीच्या दिवशी हत्यार जमा केलं, पावती घेतली. कापड सरकारी नव्हतं, ते घरी आलं. काठाचा रंग विटला आहे, पण कुंकवाचे डाग एकावर एक बसून एक वेगळाच तांबूस रंग आला आहे.

या दसऱ्याला मी नातीचा मोबाइल मागितला. तिला वाटलं, पुन्हा काही तपासायचं असेल. मी तो कापडात गुंडाळला, पाटावर ठेवला आणि वरून कुंकू लावलं, दोन अक्षता वाहिल्या. ती हसली नाही. तिनं जवळ येऊन विचारलं, "आबाजी, गुंडाळून काहून ठेवला?"

आणि मी तिला सांगायला बसलो.